आंजर्ल्याच्या खाडीत जुनं इंजिन: मे ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

बोट हर्णैची, लाकडी, ४८ फूट. इंजिन अशोक लेलँडचं सहा सिलिंडर, आबांनी १९९६ साली बसवलेलं. इंजिनाच्या पोटात गोडं पाणी फिरतं आणि ते थंड करायला समुद्राचं पाणी मोठ्या कूलरमधून जातं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याचं तापमान राखणारी झडप, कुणीतरी कधीच काढून फेकलाय. धुराचा पाइप कोरडा, केबिनमागून सरळ आभाळाकडे.

मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे हातात ६१ दिवस. ज्यांच्याकडे असंच म्हातारं इंजिन आहे त्यांच्यासाठी या नोंदी. जे बिघडलं त्यातलं निम्मं आम्हीच बिघडवलेलं आहे, हे आधीच सांगतो.

२५ मे

पौर्णिमेच्या उधाणावर बोट आंजर्ल्याच्या खाडीत घेतली. मुखाशी गाळ इतका आहे की भरती सोडून आत यायचा विचारच नको.

इंजिन बंद करायच्या आधी शेवटचे आकडे लिहून घेतले. मिनिटाला १४०० फेऱ्यांवर तासाभराने पाणी ८८ अंश, ऑईलचं प्रेशर २.४. डिसेंबरात हेच आकडे ७६ आणि ३.२ होते. आबांचं म्हणणं, मे महिन्यात समुद्रच तापलेला असतो. ते खरं आहे. थर्मोस्टॅट नसल्यामुळे समुद्र तापला की इंजिनही त्याच्या मागे चढतं. पण समुद्र चढतो तीन-चार अंश, इंजिन चढलंय बारा. उरलेले आठ अंश कुठून आले, ते शोधायचं होतं.

गेल्या वर्षी आम्ही याच जागी चावी फिरवली, बोट बांधली आणि घरी गेलो. पंप, कूलर, नळ्या, सगळ्यात खारं पाणी तसंच. दोन महिने. चालत्या इंजिनात पाणी वाहतं तरी, उभ्या इंजिनात ते एका जागी बसून खातं.

या वेळी समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा व्हॉल्व्ह बंद केला, पंपाचा ओढपाइप सोडवून २०० लिटरच्या पिंपात टाकला आणि इंजिन सावकाश चालू ठेवलं. पिंप चार मिनिटांत रिकामं. बाहेर पडणारं पाणी जिभेला लावून बघितलं, खारटच. दुसऱ्या पिंपाला मचूळ. तिसऱ्याला गोडं. म्हणजे ६०० लिटर. विहिरीपासून कॅन वाहून आणणाऱ्या खलाशांनी त्या संध्याकाळी माझ्याशी बोलणं टाकलं.

ऑईल गरम असतानाच काढलं आणि नवीन भरलं. ही चूक होती, ती कशी ते २२ जूनला.

३ जून

समुद्राच्या पाण्याचा पंप उघडला. इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चक्र, त्याच्या सहा पाकळ्यांपैकी दोन गायब. रबराची पाकळी विरघळत नाही, ती पुढे जाते आणि कुठेतरी अडकते. एक ऑईल कूलरच्या तोंडाशी सापडली. दुसरी शोधण्यात अर्धा दिवस गेला, मिळाली नाही. इंपेलर बदलताना तुकडे मोजा आणि जुन्या इंपेलरशी जुळवून बघा. गेल्या खेपेला आम्ही मोजले नव्हते.

आणखी एक. पंपाच्या अंगाखाली दोन सीलच्या मधे पाझराचं एक छोटं भोक असतं. सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं आणि आपल्याला कळतं. ते भोक बुजलेलं होतं, आमच्याच रंगाने. दरवर्षी इंजिनाला चकचकीत रंग मारायची हौस. पाण्याला बाहेर यायला वाट नाही म्हटल्यावर ते दुसऱ्या सीलमधून ऑईलकडे जाणार. सुदैवाने अजून गेलं नव्हतं. सील आणि बेअरिंग बदलली, १,९०० रुपये. भोक तारेने मोकळं केलं आणि भोवती लाल खूण केली, म्हणजे रंगारी थांबेल.

८ जून

अमावास्येच्या उधाणावर बोट वर घेतली, ठेपे लावले. पाऊस सुरू झालाय, त्यामुळे सगळं काम ताडपत्रीखाली.

सुकाणूजवळचे झिंकचे तुकडे बघून आबा खूश. दोन वर्षं झाली तरी नवेकोरे. म्हणाले, "बघ, चांगला माल घेतला की असा टिकतो." मी खरवडून बघितलं तर वर तळाच्या रंगाचे दोन हात. रंगाऱ्याने बोटीबरोबर झिंकही रंगवलेलं. झिंक पाण्याला आणि शाफ्टच्या धातूला उघडं लागलं तरच ते आधी झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. रंगाखाली ते नुसतं वजन. दोन वर्षं समुद्राने झिंकऐवजी काय खाल्लं ते शेजारीच दिसत होतं. पितळी नट तांबूस गुलाबी पडलेला, पान्याच्या टोकाने ओरखडा काढला तर भुसभुशीत. पितळातलं जस्त निघून गेलं की मागे तांब्याची चाळण राहते. दिसायला नट, ताकदीला बिस्कीट.

तो नट आणि पाण्याच्या वाटेवरचे दोन पितळी नळ काढून गनमेटलचे घातले. ते नळ घराच्या प्लंबिंगचे होते, माझ्याच हाताने तीन वर्षांपूर्वी बसवलेले, स्वस्त मिळाले म्हणून.

१२ ते १४ जून

मोठा कूलर. या तीन दिवसांवर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आठ अंश इथेच बसलेले होते.

आधी आतला पेन्सिल झिंक, म्हणजे झिंकची कांडी, काढला. वर्षाचा झाला तरी तोही नवा. या वेळी मी खूश झालो नाही. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती, मीच, पाणी ठिबकू नये म्हणून. झिंकचा कूलरच्या धातूशी संबंध त्या आट्यांमधूनच येतो, आणि मधे टेपचे चार वेढे. पलीकडे झाकणाची आतली पट्टी कुरतडलेली, मधला पडदा कडेने खाल्लेला. म्हणजे पाणी नळ्यांतून जायच्याऐवजी कडेने पळत होतं. पेन्सिल झिंकला टेप लावू नका. ठिबकत असेल तर तांब्याचा वायसर घाला.

झाकण उघडल्यावर तिसऱ्या हिश्श्याच्या वर नळ्या बंद. तोंडाशी रबराचे तुकडे पाच. या वर्षीची हरवलेली पाकळी आणि चार कुठल्या काळातले देव जाणे. आत पांढरट कडक थर आणि शिंपल्यांचा चुरा.

नळ्या साफ करायला बांबूच्या काड्या तासून दिल्या होत्या. बांबू मोडतो पण नळीला काही करत नाही. माझ्या चुलत भावाला घाई. त्याने मोडक्या छत्रीची काडी घेतली आणि सटासट वीस नळ्या केल्या. एकविसाव्या नळीत काडी अडली, त्याने ठोकली. नळी फुटली. त्याला ओरडून उपयोग नव्हता, छत्री मीच तिथे टाकलेली.

फुटलेली नळी दोन्ही बाजूंनी पितळी गुटख्या ठोकून बंद केली. इतक्या नळ्यांत एक गेल्याने काही बिघडत नाही.

थरासाठी लिंबूसत्त्व वापरलं. दहा लिटर कोमट पाण्यात एक किलो, नळ्यांचा गठ्ठा त्यात बुडवून ठेवला. बुडबुडे यायला लागले आणि पाच तासांनी थांबले. पाणी ओतून दुसरं द्रावण केलं, तेव्हा पुन्हा बुडबुडे, तीन तास. नंतर सोड्याच्या पाण्याने आणि मग भरपूर गोड्या पाण्याने धुतलं. बाजारात याहून कडक ॲसिड मिळतं, बंदरावर बरेच जण तेच वापरतात आणि अर्ध्या तासात काम होतं. पण ते थर खाऊन थांबत नाही, आणि पातळ झालेली नळी किती उरली हे आपल्याला दिसत नाही. मी लिंबूसत्त्वाचे आठ तास पसंत करतो.

शेवटी एका बाजूने बंद करून पायपंपाने थोडी हवा भरली आणि पाण्यात बुडवलं. आणखी एका नळीतून बुडबुड्यांची रेघ. तिलाही गुटखी. दुसऱ्या कुणाची छत्री नव्हती, ती आपली आपणच गेलेली. हवा न भरता बसवलं असतं तर खारं पाणी गोड्या पाण्यात शिरलं असतं आणि वर्षभर आम्ही हेड गॅस्केटला दोष देत बसलो असतो.

कूलरचा सगळा खर्च ३,८०० रुपये. नवा कूलर याच्या कित्येक पट.

१६ जून

टेंपरेचर मीटरचा गोळा काढून उकळत्या पाण्यात धरला. आम्ही समुद्राच्या काठावर, पाणी १०० ला उकळणार. मीटर ९५ दाखवतोय. म्हणजे मेमधले ८८ हे खरे ९३ च्या घरातले असणार. आबा काही बोलले नाहीत, चहा घेतला.

मीटर बदलला नाही, काचेवर खूण केली. नोंदींतले पुढचे आकडेही मीटरचेच आहेत, म्हणजे तुलना करता येईल.

२२ जून

हेड काढलं. कारण सहावा सिलिंडर. गेले वर्षभर सुरू करताना पांढरा धूर आणि एक ठोका कमी.

गेल्या पावसाळ्यात धुराच्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. वाऱ्याने ती पहिल्याच आठवड्यात फाटली असणार. पाऊस पाइपातून खाली आला. वळणावर पाणी निचरायला भोक आहे, ते काजळीने बुजलेलं. पाणी चढत चढत मॅनिफोल्डमधे, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा होतो तिथे. सहाव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नेमका उघडा राहिलेला. सिलिंडरमधे पिस्टन जिथे दोन महिने उभा होता, तिथे लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, गंजाची गोल रेघ, नखाला लागणारी. व्हॉल्व्हच्या तोंडावर खड्डे.

त्या वेळी इंजिन आठवड्यातून एकदा हाताने जरी फिरवलं असतं तरी ही रेघ पडली नसती. या वर्षी दर रविवारी फ्लायव्हीलला बार लावून सव्वा वळसा फिरवतो. सव्वाच, म्हणजे दर वेळी पिस्टन वेगळ्या जागी थांबतात.

मेस्त्री म्हणाले, लायनर आणि रिंगा बदला. बरोबरच आहे. पण पिस्टन काढायला खालचं सम्प, म्हणजे ऑईलचं भांडं, सोडवावं लागतं आणि आमच्या बोटीत सम्प आणि तळाची फळी यांत चार बोटंही जागा नाही. म्हणजे इंजिन उचलायचं, म्हणजे केबिनचं छप्पर काढायचं, म्हणजे हंगामाचा ऑगस्ट गेला. मी नको म्हटलं. बारीक पॉलिश पेपर आणि ऑईलने रेघ हाताने घासली. सगळ्या पिस्टनच्या डोक्यावर सारखं डिझेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी पाच पिस्टनवर थोडंफार शिल्लक, सहावा कोरडा. रिंगा चिकटलेल्या. डिझेलमधे थोडं गिअरबॉक्सचं ऑईल मिसळून चार दिवस रोज ओतत राहिलो. पाचव्या दिवशी सहाव्यावरही सकाळी ओल दिसली. बरं झालं म्हणणार नाही. निभेल, एवढंच.

ते सगळं डिझेल मात्र खाली सम्पमधे. मे महिन्यात भरलेलं २० लिटर नवं ऑईल वाया. हेड उघडायचं ठरलेलं असेल तर बंद करताना जुनंच चाळून भरा किंवा स्वस्तातलं भरा. सहा हजारांचा धडा.

आता पाइपाच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा आहे, तारेने बांधलेला. आमचे आजोबा हेच करायचे.

२९ जून ते ५ जुलै

मॅनिफोल्डचा एक स्टड तुटला, आत आट्यांसकट. मेस्त्रींनी आजूबाजूचं बीड टॉर्चने तापवलं आणि स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं. मग तुटलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करून पान्याने फिरवला. तिसऱ्या नटाला निघाला. ड्रिल लावून मी दोन तास घालवले होते त्याआधी, आणि भोक तिरकं केलं होतं ते वेगळंच.

सिलिंडरमधे डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि डिझेलचा पंप चिपळूणला तपासायला दिले. सहाही नॉझल बदलावे लागले, ६,६००. पंपाचं कॅलिब्रेशन ९,०००. नॉझल का गेले ते टाकीत दिसलं. तळाशी तीन-चार लिटर पाणी आणि काळी चिकट साय. टाकीचा निचऱ्याचा नळ तळापासून दोन बोटं वर बसवलेला, त्यामुळे इतकी वर्षं आम्ही तो उघडून स्वच्छ डिझेल बघत होतो. पावसाळ्यात टाकी पाव भरलेली ठेवली की उरलेल्या जागेतली दमट हवा रात्री पाणी होऊन खाली उतरते. टाकी भरून ठेवावी हे सगळ्यांना माहीत आहे. पण मे अखेरीला बंदरावर कुणाच्या खिशात टाकी भरायचे पैसे असतात? डिझेलवरच्या परताव्याची रक्कम यायची तेव्हा येते. आम्ही मधला मार्ग काढला. टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, वाळवून झाकण घट्ट लावलं आणि नळ तळाला नेला.

९ ते १८ जुलै

काम शून्य. हेड गॅस्केट आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं. चूक माझी, इंजिनावरची पाटी वाचून दाखवताना एक आकडा गंजलेला होता तो मी अंदाजाने सांगितला. परत पाठवणं आणि गाडीभाडं मिळून १,४०० गेले. बरोबर गॅस्केट १३ ला आलं तेव्हा मेस्त्री आषाढीला पंढरपुरात. १८ ला परत आले, बुक्का लावलेले, आणि आल्या आल्या म्हणाले, "माझ्या मागे हेडला हात लावला नाहीस ना?" लावला नव्हता.

या दिवसांत पाटीचा फोटो काढून, सगळे आकडे घासून वाचून, वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

२२ जुलै

गुरुपौर्णिमेच्या उधाणावर बोट पाण्यात. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडला पाणी अडवणारी नवी डोरी. पाणी थेंबभरही येऊ नये म्हणून मी नट कचकचून आवळले. पुढे इंजिन चालू झाल्यावर खाडीत दहा मिनिटं शाफ्ट फिरवला तर ग्लँडला हात लावेना, डोरी जळल्याचा वास. ग्लँडमधून चालताना थोडे थेंब यायलाच हवेत, तेच पाणी डोरीला थंड ठेवतं. सैल केलं. डोरीचा एक वेढा करपला, तो बदलला.

२५ जुलै

पहिला स्टार्ट. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली, दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. काय आवाज! सहाच्या सहा. सगळे हसतायत, आबा पाइपाकडे बघून हात जोडतायत, आणि मी बोटीच्या कडेला वाकून बघतोय तर समुद्रात पाणी पडत नाही.

तळाचा व्हॉल्व्ह बंद. २५ मेला मीच बंद केलेला.

अर्ध्या मिनिटात इंजिन बंद केलं, तरी नवा इंपेलर उघडून बघितला. दोन पाकळ्यांची टोकं चमकायला लागलेली. कोरडं रबर पितळावर घासलं की तेवढा वेळ पुरतो. २,२०० रुपयांचा इंपेलर अर्ध्या मिनिटाचा. दुसरा घातला, तो जवळ होता म्हणून.

तेव्हापासून इंजिनाची चावी किल्लीच्या खिळ्यावर नसते. ती तळाच्या व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकवलेली असते. व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय चावी हातात येतच नाही.

१० ऑगस्ट

मासेमारीच्या तीन फेऱ्या झाल्या. १४०० वर तीन तासांनी ७६ अंश, प्रेशर ३.०. पावसाळ्यात समुद्र मे महिन्यापेक्षा थंड, म्हणून शाबासकी आत्ताच घेत नाही. खरा हिशेब पुढच्या मेमधे, त्याच जागी, त्याच फेऱ्यांवर.

ऑईल अजून खातंय, फेरीला अर्धा लिटर. तो सहावा. त्याचं लायनर आमच्या डोक्यावर उधार आहे.

खर्च एकूण ८४,६०० रुपये, बोट ओढणं आणि रंग सोडून. त्यात मेस्त्रींची मजुरी १८,०००, ऑईल दोनदा भरल्यामुळे १२,४००, आणि इंपेलर दोन. माझ्या चुका बाजूला काढल्या तर साडेनऊ हजार वाचले असते, त्यात भावाची छत्री धरलेली नाही.

२२ सप्टेंबर

गणपती होऊन गेले. रविवार होता, पेन्सिल झिंक उघडून बघितला. तिसरा हिस्सा झिजलेला, टोक अणकुचीदार, अंगावर पांढरी बुरशी. आबांना दाखवला. "एवढ्यात खाल्लं?" म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने स्वतःच, "चला, खायला लागलं."

दिवाळीआधी पुन्हा उघडायचा. पुढचा झिंक आणून ठेवलाय. टेफ्लॉन टेप आबांनी कुठेतरी लपवली आहे, मला सापडत नाही.